गाठीकडे न बघता

हर्शेल गाठीकडे बघायला लागला हे सगळ्यांत आधी माझ्या लक्षात आलं, आणि त्यात माझी हुशारी काही नाही. एकोणीस वर्षं मी त्याच्यासाठी वासरांचं फाटक उघडतेय. दुपारी शाळेची बस डेपोत लावून घरी आले की बूट बदलायचे आणि घरामागच्या रिंगणात जाऊन फाटकाच्या दांड्याशी उभं राहायचं. त्यानं मान हलवली की वासरू सोडायचं आणि घड्याळ दाबायचं. त्यानं हात वर केले की घड्याळ थांबवायचं. बाकीच्या बायका नवऱ्याचा चेहरा वाचतात, मी माझ्या नवऱ्याची पाठ वाचते.

रोडिओत वासरं बांधायची शर्यत असते, तोच आमचा धंदा, आणि त्यात सगळं मिळून आठ-नऊ सेकंदांचं काम असतं. वासरू पुढे सुटतं, मागून घोडा. फास वासराच्या गळ्यात पडला की घोडा जागच्या जागी थांबतो आणि दोर ताणून धरतो. माणूस उडी टाकून दोराच्या कडेनं धावत जातो, तीन मणाचं वासरू उचलून आडवं करतो, दातांत धरलेली आखूड दोरी काढतो आणि तीन पाय एकत्र बांधतो. दोन वेढे, एक गाठ, आणि हात वर. एकदा हात वर गेले की पुन्हा दोरीला बोट लावायचं नाही. गाठ बसली की नाही हे बोटं सांगतात. शर्टाची बटणं लावताना जसं कुणी खाली बघत नाही, तसं गाठीकडेही कुणी बघत नाही.

मार्चमध्ये हर्शेल बघायला लागला. गाठ मारायची, मान वाकवून नजर टाकायची, मग हात वर. दरवेळी अर्धा सेकंद जायचा.

"काय रे, वासराचे पाय मोजतोस का?" मी फाटकावरून ओरडले. "तीनच असतात बांधायचे. चौथा त्याच्यासाठी ठेवायचा."

"ऊन डोळ्यांवर येतंय."

"ऊन पाठीमागे आहे तुझ्या."

"मग तुझ्या बोलण्याचा त्रास होत असेल," असं म्हणून तो पुन्हा घोड्यावर चढला.

मी महिनाभर त्याला टोमणे मारत राहिले. आता त्याची लाज वाटते. जून लागला आणि एका सकाळी त्याच्या हातातून कॉफीचा कप निसटला. कप फुटल्याचा आवाज येईपर्यंत त्याला कळलंच नाही की हातात कप नाही. तेव्हा मी त्याला ट्रकमध्ये घातलं आणि अमरिलो शहरात डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर तरुण होता, पोरगेलासाच. त्यानं हर्शेलला डोळे मिटायला सांगितले आणि उजव्या हाताची बोटं एकेक करून टाचणीनं टोचायला घेतली. "टोचलं की सांगा," म्हणाला. हर्शेल सांगायचा, "आत्ता." थोडं थांबून पुन्हा, "आत्ता." अगदी ठेक्यात. डॉक्टरनं टाचणी बाजूला ठेवली, हाताची घडी घातली आणि नुसता बसून राहिला. हर्शेल डोळे मिटून सांगतच होता, "आत्ता... आत्ता." त्रेचाळीस वर्षांचा बाप्या, आणि शाळेतल्या पोरासारखी कॉपी करत होता. मला हसू आलं.

मानेतली नस दाबली गेली होती. घोड्यावरून हजारदा उडी मारलेल्या माणसाची मान ती. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट, तिन्हींची संवेदना गेलेली. "गेलं ते परत येणार नाही," डॉक्टर म्हणाला. "पण उरलेली दोन वाचवता येतील. ऑपरेशन करा, आणि लवकर करा. वर्षभर दोर, घोडा काही नाही."

परतताना ट्रक मी चालवत होते. हर्शेल म्हणाला, "पंधरात आलो की करू."

वर्षभरातल्या बक्षिसांच्या कमाईची यादी निघते, तिच्यात वर्षअखेरीला जे पहिले पंधरा असतात ते डिसेंबरमध्ये लास व्हेगसला जातात. आमच्या धंद्यातल्या माणसाला त्याहून मोठं काही माहीत नाही. आमचं वर्ष सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी संपतं. हर्शेल आजवर बाविसावा आला, एकोणिसावा आला, एकदा तर सोळावा आला. सोळावा आला त्या वर्षी आम्ही नाताळचं झाड आणलं नव्हतं.

"आणि नाही आलास तर?"

"तर पुढच्या वर्षी."

"आणि हात?"

"दोन आहेत की."

मी वाद घातला नाही. ह्या माणसाशी वाद घालणं म्हणजे खांबाला गुदगुल्या करणं. पण माझं गणित मी मनात मांडून ठेवलं. हा एकदा पंधरात आला पाहिजे. व्हेगसला जाऊन आला, पाठीवर तो नंबर लावून फिरला, की शब्दाचा पक्का आहे, जानेवारीत स्वतःहून ऑपरेशनच्या टेबलावर जाऊन झोपेल. नाही आला तर हे कधीच संपणार नाही. उन्हाळाभर मी देवाकडे दुसरं काही मागितलं नाही. त्याचे हात बरे व्हावेत असंही नाही. फक्त पंधरावा नंबर.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही कॅन्ससमधल्या हॅरो नावाच्या गावात होतो. एक धान्याचं कोठार, दोन चर्च आणि एक रिंगण, एवढंच गाव. हर्शेल यादीत सतरावा होता. वरच्या दोघांनी शनिवारीच दुसरीकडे माती खाल्ली होती. एकाचं वासरू सुटलं, दुसऱ्याचा फास हुकला. फोनवर बातमी आली तेव्हा हर्शेल पावाबरोबर घेवड्याची उसळ खात होता. त्यानं चमचा खाली ठेवला.

"म्हणजे इथे पहिला आलो तर."

"पहिलाच यावं लागेल?"

"पहिलाच. दुसऱ्यानं भागत नाही."

तेवढ्यात केसन आला. केसन राईस, तेवीस वर्षांचा, अंगानं काटकुळा, पण दोर हातात घेतला की वेगळाच. त्याचं हे दुसरंच वर्ष. यादीत कुठेतरी चाळिसाच्या खाली होता आणि त्याचं त्याला काही नव्हतं. त्यानं टोपी काढून हातात धरली.

"मॅडम, हर्शेल सर आहेत का?"

"हे काय समोर बसलेत. आंधळा आहेस का?"

"हो मॅडम. नाही मॅडम." तो हर्शेलकडे वळला. "सर, माझी घोडी लंगडतेय सकाळपासून. तुमचा घोडा, बार्ली, मिळेल का एका वेळेपुरता?"

आमच्यात घोडा मागितला की द्यायचा असतो. ज्यानं मागितला तो तुमच्या वरचढ असो नाहीतर तुमचा वैरी असो. मी असे लोक पाहिलेत ज्यांनी एकमेकांचे दात पाडलेत आणि दुसऱ्या दिवशी एकाच घोड्यावर वासरं बांधलीत. हा रिवाज कुणी पाडला ते माहीत नाही, पण त्याला बायको नसणार. मी हर्शेलकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

"घे. लगाम ओढू नकोस, तो स्वतःच थांबतो. आणि आधी पाणी पाज त्याला."

"हो सर. उपकार झाले."

तो गेल्यावर मी म्हणाले, "आज तरी नाही म्हणायचं होतंस."

"आणि उद्यापासून तोंड कुठे लपवलं असतं?"

"हात लपवतोयस ना, तसंच तोंडही लपवलं असतंस."

तो हसला. तेवढं हसणं त्याला अजून येतं.

दुपारी दोनला सुरू झालं. केसनचा नंबर हर्शेलच्या बराच आधी होता. बार्ली वासराच्या फाटकाशेजारच्या खणात मागे सरकून उभा राहिला, कान पुढे, पाठ ताठ. केसनला मान हलवताना मी पाहिलं आणि पुढच्या क्षणी फास पडलेला होता. बार्ली असा थांबला की मागच्या पायांनी जमिनीत दोन चर पडले. घोडा दोर ताणून मागे मागे सरकत राहिला, पोरगं उडत गेलं, वासरू आडवं, हात वर. स्क्रीनवर आकडे आले. आठ पूर्णांक एक.

लोक उभे राहिले. मीही टाळ्या वाजवल्या, कारण काम सुंदर झालं होतं आणि घोडा आमचा होता. मग बसले आणि आकडे मांडायला लागले.

मार्चपासून हर्शेलची सगळ्यांत चांगली वेळ आठ पूर्णांक सहा होती. बघण्यात जाणारा अर्धा सेकंद धरून. अर्धा सेकंद काढला तर आठ पूर्णांक एक, बरोबरी. बार्लीचा जोर अजून तसाच असेल आणि वासरू बरं निघालं तर त्याच्याही आत. ही वजाबाकी मी बाकावर बसून केली, आणि मला खात्री आहे, रिंगणाच्या पलीकडे तो पण तीच करत होता.

मी उठून मागे गेले. तो बार्लीचा पट्टा आवळत होता. डाव्या हातानं आवळायचा आणि उजवा नुसता वर ठेवायचा, कुणी बघत असेल म्हणून. मी त्याचा हात बाजूला केला आणि पट्टा आवळला.

"आज बघू नकोस," मी म्हणाले.

तो थांबला. "नोरीन."

"बघू नकोस. गाठ मार आणि हात वर कर. ह्या हातांनी वीस हजार वेळा केलंय हे. आणखी एकदा करतील."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला टाचणी आठवत होती. डॉक्टर हाताची घडी घालून बसलेला आठवत होता. हे सगळं आठवत असताना मी ते म्हणाले, आणि वर पुन्हा एकदा म्हणाले, "होईल. मला माहितीये होईल."

"बरं," तो म्हणाला, आणि आखूड दोरी दातांत धरून चढला.

एकोणीस वर्षांत मी त्याला फक्त वेळा सांगितल्या होत्या. नऊ दोन, आठ नऊ, आज ढिला होतास. कसं करायचं हे कधी सांगितलं नव्हतं.

मी कुंपणाशी गेले, वासरू जिथे बांधलं जाईल असं वाटलं तिथे. निवेदकानं त्याचं नाव घेतलं, गाव चुकीचं सांगितलं, वय सांगून लोकांना हसवलं. हर्शेलनं मान हलवली.

अशी सुरुवात त्याची कित्येक वर्षांत झाली नव्हती. घोड्यापुढे आडवी दोरी असते, वासरू पुढे गेलं की ती सुटते, आणि ती सुटायच्या आधी घोडा निघाला तर दहा सेकंद दंड. बार्लीची छाती त्या दोरीला केसाच्या अंतरानं चुकली. तिसऱ्या ढांगेला फास पडला. हर्शेल घोड्यावरून उतरला नाही, सांडला. वासरू उचललं, आडवं केलं, गुडघा ठेवला. वेढा. वेढा. मनगटाला झटका. मान ताठ, नजर समोर, हात वर.

स्क्रीनवर सात पूर्णांक सात.

लोकांचा आरडाओरडा झाला. माझ्या तोंडून आवाज निघाला नाही, कारण मी वासरापासून दहा हातांवर होते आणि मला दिसत होतं. दोन्ही वेढे नीट होते. दोरीचं टोक वेढ्याखालून निघून वर यायला हवं, ते नुसतं पायांवर पडलं होतं. गाठ नव्हतीच. बोटांनी टोक ओढायच्या आधीच सोडून दिलं होतं, आणि सोडलं हे त्यांना कळलं नव्हतं.

हर्शेल घोड्याकडे वळला. दोन पावलं गेला आणि त्यानं मागे वळून बघितलं.

इथून पुढचा नियम सोपा आहे. माणसानं घोड्यावर चढायचं, घोडा एक पाऊल पुढे घ्यायचा, म्हणजे ताणलेला दोर सैल पडतो. दोर सैल पडला की पंच घड्याळ दाबतो. सहा सेकंद वासरू बांधलेलं राहिलं तर वेळ मान्य, नाहीतर काहीच नाही. दोर ताणलेला आहे तोवर वासरू पडून राहतं, मग गाठ असो वा नसो.

हर्शेल बार्लीजवळ गेला. खोगिराच्या मुठीवर हात ठेवला. आणि चढला नाही.

स्क्रीनवर सात पूर्णांक सात चमकत होतं. बार्ली दोर ताणून पुतळ्यासारखा उभा. वासरू शांत. जोवर हा माणूस पाय रिकिबीत घालत नव्हता, तोवर तो कॅन्ससच्या त्या गावात पहिला होता आणि यादीत पंधरावा होता. टाळ्या हळूहळू विरळ झाल्या. लोकांना वाटलं त्याला कुठेतरी लागलं असावं.

पंच मर्ल टिपेट घोड्यावर बसून जवळ आला. मर्ल स्वतः पूर्वी वासरं बांधायचा, आमच्या लग्नात प्यायलेला होता.

"हर्शेल, चढ."

"एक मिनिट, मर्ल."

"लागलंय का कुठे?"

"नाही."

मर्लनं वासराकडे बघितलं. त्याला काय दिसलं ते त्याच्या तोंडावर आलं. तो जरा वेळ थांबला. तेवढा थांबायचा त्याला अधिकार नव्हता, पण थांबला.

"चढ, बाबा," तो हळू म्हणाला. "नाहीतर मला निशाण खाली करून वेळ बाद करावी लागेल."

हर्शेलनं कुंपणाकडे बघितलं, माझ्याकडे. मी मान हलवली. कसली मान हलवली, कशाला, मला अजून माहीत नाही. तो चढला आणि बार्लीला एक पाऊल पुढे घेतलं. दोर सैल पडला.

एक. वासरू पडून होतं. दोन. त्याला कुठे ठाऊक होतं की ते सुटलंय. तीन. ते धापा टाकत होतं, डोळे उघडे. चार. माझी नखं कुंपणाच्या लाकडात रुतली होती आणि मी म्हणत होते, असंच राहा, बाळा, असंच राहा, तुझं काय जातंय. पाच.

मग त्यानं मागचा पाय झाडला. फार जोरानं नाही. वेढे घसरले आणि ते उठून उभं राहिलं आणि कुंपणाच्या कडेनं चालायला लागलं. मर्लनं हात आडवा हलवला. स्क्रीनवरचे आकडे गेले.

आम्ही ट्रेलरशी परत आलो तेव्हा केसन तिथे टोपी हातात घेऊन उभा होता. त्याचं तोंड रडवेलं झालं होतं. जिंकलेल्या माणसाचं तोंड असं मी पहिल्यांदाच बघितलं.

"सर, मी घोडा मागायला नको होता."

"मूर्खासारखं बोलू नकोस. छान बांधलंस." हर्शेल खोगीर उतरवत होता. "डावा पाय जरा उशिरा उचलतोस. तेवढं बघ."

"हो सर."

"जा आता. तुझं नाव पुकारतायत."

तो गेला. मी वाट बघत उभी राहिले, आता बोलेल, आता शिव्या घालेल. तो बार्लीची पाठ पुसत राहिला. शेवटी मलाच राहवलं नाही.

"मी सांगितलं होतं बघू नकोस म्हणून."

"बरोबर सांगितलंस. बघितलं असतं तर आठ दोन लागले असते. हरलोच असतो."

"उद्या अमरिलोला फोन करते," मी म्हणाले. "पंधरा नाही न् बिंधरा नाही. दोन बोटं तरी वाचवू."

त्यानं फडकं बादलीच्या काठावर टाकलं.

"कुठली दोन?"

मला आधी कळलंच नाही.

"तीही गेली, नोरीन. करंगळीशेजारचं जुलैच्या शेवटी, करंगळी ऑगस्टमध्ये. कशाला सांगायचं म्हटलं, तू सारखी यादी बघत होतीस." त्यानं उजवा हात पुढे केला आणि उलटा सुलटा करून दाखवला, दुकानातल्या वस्तूसारखा. "वाचवायला काही नाही आता. म्हणजे घाई पण नाही. थंडीत सराव वाढवू, पुढच्या वर्षी बघू."

मी त्या हाताकडे बघत राहिले. ह्या हातावर भरवसा ठेव असं मी त्याला तासाभरापूर्वी सांगितलं होतं.

"मग माझं ऐकलंस कशाला?" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "तुला ठाऊक होतं. एकही बोट नव्हतं तुला, आणि तू ऐकलंस?"

तो ट्रेलरच्या पायरीवर बसला. खूप थकलेला दिसत होता, पण रागावलेला अजिबात नाही. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

"तू इतक्या खात्रीनं म्हणालीस," तो म्हणाला. "म्हटलं, दोघांपैकी एकाला तरी माहितीये."

मला काही माहीत नव्हतं. मला फक्त हे संपायला हवं होतं. तेवढं त्याला तेव्हा सांगायला हवं होतं, आणि ते मी आजतागायत सांगितलेलं नाही. मी बार्लीला आत चढवलं, ट्रेलरचं दार लावून घेतलं, आणि हर्शेल उठून माझ्या शेजारी येऊन बसेपर्यंत ट्रक सुरू करून थांबले.